तळमजल्यावरचा समुद्र

आर. के. पुरम, नवी दिल्ली
२० एप्रिल २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

कानाचं यंत्र तू पुन्हा कपाटात ठेवलंस, म्हणजे फोन बंद आणि पत्रं सुरू. माझी हरकत नाही. फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि उरलेलं निम्मं स्वतःच ठरवतेस.

तू लिहिलंस, "ती माशांची पेटी घेतलीस का?" ताई, पेटी नाही, आणि घेतलीही नाही. बांधतो आहे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. आत समुद्राचं पाणी, साडेसहाशे लिटर. समुद्र इथून आठशे किलोमीटरच्या आत कुठे नाही, म्हणून पाणीही मीच तयार करणार. काच, पाणी, दगड, वाळू, सगळं मिळून वजन एक टनाच्या घरात जातं. सरकारी क्वार्टर तळमजल्याचं मिळालं याचा पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आनंद झाला.

सध्या स्टँड चालू आहे. दोन इंची चौकोनी लोखंडी पाइप, तीन मिलिमीटर जाडीचा. मुनिरकातला वेल्डर माझा नकाशा बघून म्हणाला, "भाईसाहब, इस पे तो हाथी खड़ा हो जाएगा." मी म्हटलं, "हाथी हिल सकता है. पानी नहीं हिलना चाहिए." चार सांधे त्याने मारले, ते मला पसंत पडले नाहीत. मग त्याचंच मशीन हातात घेऊन उरलेले वीस मी मारले. मला हे कुणी शिकवलं? कुणीही नाही. बसस्टँडमागच्या ग्रिलच्या दुकानापुढे शाळा सुटल्यावर मी उभा राहायचो आणि तू मला कान धरून घरी न्यायचीस, तेवढंच शिक्षण.

काल पाणसळ लावली. इथे तो शब्द कुणाला कळत नाही, सगळे 'लेवल' म्हणतात. डावं टोक दोन मिलिमीटर खाली निघालं. तुझी भावजय मयुरा म्हणाली, दोन मिलिमीटरने मासे घसरतात का? मी स्टँडचा पाय कापून पुन्हा जोडतो आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न. श्रावस्तीचा तो विनय रविवारी येऊन गेला. मुलगा हापूडचा, गुरुग्रामला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याच्या घरचे लोकही आपल्यासारखे बौद्ध आहेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की त्याच्या हाताला कधी ग्रीस लागलेलं दिसत नाही. मी श्रावस्तीला सांगितलंय: टाकी उभी राहू दे, पाणी भरून महिनाभर नीट चालू दे, मग त्याच्या आईवडिलांना बोलावू. एका वेळी एक काम.

तुझा
अंबादास

वर्धा
५ मे २०२५

चि. अंबूस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सगळं लोखंडच दिसलं. दुसऱ्यांदा खाली माझी भाची सापडली.

सव्वीस वर्षांची, नोकरी करणारी मुलगी, आणि तिचं लग्न तू पाणसळीवर ठेवलंस? ती गप्प बसली असेल तर आईच्या वळणावर गेली. तुझ्या वळणावर गेली असती तर हातोडा घेऊन आली असती.

ग्रीसचं म्हणशील तर तुझ्या दिवंगत भाऊजींच्या हाताला खडूशिवाय काही लागलं नाही. माझा संसार चांगला झाला.

पोराला जरा जवळ बसव. काही धरायला दे. निदान पाना तरी.

समुद्राचं पाणी घरी कसं करतात ते सविस्तर लिही. मी सदतीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं, विज्ञान दुसऱ्या बाईंकडे होतं.

कुमुदिनी

आर. के. पुरम
२९ जून २०२५

ती. ताईस,
जयभीम.

बाहेर त्रेचाळीस अंश आहे आणि माझ्या दिवाणखान्यात पाणी खेळतं आहे. अजून साधंच, नळाचं. ही चाचणी आहे.

रचना अशी. वरच्या टाकीचं पाणी काठावरून एका कप्प्यात पडतं, तिथून पाइपने खालच्या लहान टाकीत, तिथे गाळून पंपाने पुन्हा वर. गंमत पुढे आहे. वीज गेली की पंप थांबतो आणि वर नेणारा पाइप उलटा वाहायला लागतो. वरची टाकी खाली रिकामी होत जाते आणि खालची भरून फरशीवर. पहिल्या दिवशी हेच झालं. मयुराने सोफ्यावर पाय घेऊन बसून विचारलं, "समुद्र आला वाटतं?"

इलाज मी काढला. वरच्या पाइपला पाण्याच्या रेषेखाली अर्ध्या इंचावर एक भोक. पाणी तेवढं उतरलं की भोकातून हवा शिरते आणि उलटा ओघ तुटतो. चार मिलिमीटरचं भोक. त्यानंतर चौदा वेळा मेन स्विच बंद करून पाहिलं. चौदाही वेळा पाणी खालच्या टाकीच्या काठाखाली दोन बोटं थांबलं.

तुझ्या सांगण्यावरून विनयला पाना दिला. पाइप जोडायचं कपलिंग त्याने उलटं धरलं होतं. पण मी हात पुढे केला की वस्तू हातात ठेवत होता, हे खरं. मग म्हणाला, "अंकल, पाणी उडून कमी होतं ना, त्यासाठी सेन्सर मिळतो. लेवल खाली गेली की आपोआप भरतो." मराठी बोलायचा प्रयत्न करतो, श्रावस्तीने शिकवलंय. मी म्हटलं, सेन्सर बिघडला तर सेन्सरला जाब विचारता येत नाही. रोज सकाळी खुणेपर्यंत हाताने पाणी घालायचं, डोळ्यांनी बघायचं. ज्याला हे जमत नाही त्याने समुद्र ठेवू नये. तो "बिल्कुल, अंकल" म्हणाला. त्याच्या 'बिल्कुल'मध्ये होकार होता की थट्टा, ते समजलं नाही.

आता पाण्याविषयी. दिल्लीचं पाणी आधी फिल्टरमधून काढून अगदी निवळ करायचं, इतकं की त्यात काहीच उरू नये. मग लिटरला पस्तीस ग्रॅम समुद्री मीठ. खाण्याचं चालत नाही. घनता मोजायची दुर्बिणीसारखी नळी असते, तिच्यात १.०२५ दिसलं पाहिजे. आणि लक्षात ठेव: हवेत उडतं ते फक्त पाणी. मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर घालायची ती निवळ पाण्याची. मिठाचं घातलं तर समुद्र रोज थोडा जास्त खारट होत जातो.

तुझा
अंबादास

आर. के. पुरम
१४ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
जयभीम.

जुलैत खारं पाणी भरलं. सहा आठवडे टाकीत फक्त दगड, वाळू आणि मी. पाण्याच्या तपासण्या रोज वहीत. येणारे जाणारे विचारायचे, "मछली कब आएगी?" मी सांगायचो, पाणी तयार होईल तेव्हा. शेजारचे कपूरसाहेब म्हणाले, "यार, आप पत्थर पाल रहे हो."

ऑगस्टअखेर मासे आले. केशरी अंगावर पांढरे पट्टे, अशी एक जोडी. सात शंख. आणि एक कोळंबी, लाल पाठीवर पांढरी रेघ. ती माशांच्या अंगावर चढून त्यांची साफसफाई करते आणि मासे न्हाव्यापुढे बसावं तसे स्थिर उभे राहतात. ताई, मी ऑफिसातून आलो की आता बूट काढायच्या आधी तिथे जातो. मयुराही तिथेच बसलेली असते.

टाकीने दिलेली मुदत पाळली, मीही माझा शब्द पाळतो आहे. विनयचे आईवडील १२ ऑक्टोबरच्या रविवारी येतील.

त्याआधी आपला नेहमीचा बेत. आम्ही दोघं ३० तारखेला निघून नागपूरला येतो, दोन तारखेला तुला घेऊन दीक्षाभूमीवर, मग तुझ्याकडे वर्ध्याला. सहाला परत. तोवर टाकी श्रावस्तीच्या हाती. काळजी नको, सगळी व्यवस्था लिहून ठेवली आहे. खिडकीखाली दोन निळी पिंपं आहेत, त्यांवर पांढऱ्या रंगाने वीतभर अक्षरांत लिहिलं: एकावर 'मीठ', दुसऱ्यावर 'निवळ'. कपाटाच्या दारावर सूचनांचा कागद. पहिली सूचना: पाण्यात कोणीही बोट घालू नये. एकूण अकरा आहेत. मसुदा तीनदा तपासला. आंधळ्यालाही चुकता येणार नाही.

तुझा
अंबादास

आर. के. पुरम
८ ऑक्टोबर २०२५

ताई,

तुझ्याकडून निघताना मी किती आनंदात होतो ते तू पाहिलंस. आता ऐक.

परवा दुपारी घरी पोचलो. कोळंबी तळाशी उलटी पडलेली. सात शंखांपैकी पाच मेलेले. दोन्ही मासे पृष्ठभागाजवळ, कल्ले भराभर हलवत. घनता पाहिली, १.०२९. पिंपांची झाकणं काढली. निवळ जवळजवळ भरलेलं, मिठाचं सत्तर लिटरने खाली. पाच दिवस रोज समुद्रात समुद्रच ओतला गेला.

श्रावस्तीला तिच्या ऑफिसने एक तारखेला जयपूरच्या साइटवर पाठवलं. तिने मला कळवलं नाही. किल्ली विनयला दिली. आणि त्या माणसाने, अभियंता म्हणवणाऱ्या माणसाने, वीतभर अक्षरं समोर असताना चुकीच्या पिंपातून पाणी काढलं. रोज. मोजून. खुणेपर्यंत.

संध्याकाळी तो आला. मी त्याला दारातच विचारलं. खाली मान घालून म्हणाला, "गलती मेरी है, अंकल." बस्स. का, कसं, काही नाही. मी म्हटलं, "ज्याला पाच दिवस लिहिलेलं वाचून एक पिंप ओळखता येत नाही, त्याच्या हातात मी मुलगी देणार नाही. आईवडिलांना सांगा, रविवारी येऊ नका." तो "जी" म्हणाला आणि गेला. जयपूरहून परतलेली श्रावस्ती आतून ऐकत होती. ती काही तरी बोलायला आली, तर त्याने हाताने तिला थांबवलं. माझ्या घरात, माझ्या मुलीला.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मयुरा ताट ठेवते आणि उठून जाते.

पाणी मी थोडं थोडं काढून निवळ घालतो आहे. एकदम केलं तर उरलेलेही जातील. मासे वाचतील. पण मी ठरवलं ते ठरवलं. तू मध्ये पडू नकोस. बोट बुडवून जिभेला लावलं असतं तरी कळलं असतं त्याला!

अंबादास

आर. के. पुरम
१७ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर मिळालं. मला मराठी लिहायची सवय नाही, चुका हसून घे.

तू विचारलंस की नक्की काय झालं. मी तुला सांगते, पण बाबांना माझं नाव सांगू नको प्लीज.

मी जयपूरहून विनयला फोनवर सांगितलं होतं, "रोज मीठा पानी डालना, लाइन तक. नमक वाले को हाथ मत लगाना." इथे सगळे असंच म्हणतात ना, आत्या. पिण्याचं पाणी म्हणजे मीठा पानी. विनयने जाऊन पाहिलं. एका ड्रमवर लिहिलं होतं 'मीठ'. त्याला वाटलं अंकलचा आ राहून गेला किंवा मराठीत असंच लिहितात. दुसऱ्यावर 'निवळ'. हा शब्द तर मलापण नीट माहीत नव्हता. त्याला वाटलं निवळ हे मिठाच्या कंपनीचं नाव आहे. खरंच. मी रडता रडता हसले.

बाबा म्हणतात चाखून का नाही पाहिलं. चाखणार होता! पण कागदावर एक नंबरला लिहिलंय की पाण्यात कोणी बोट घालू नये. तो कागद त्याने फोनमध्ये टाइप करून ट्रान्सलेट केला होता, पूर्ण अकरा. कोणत्या ड्रममधून घालायचं, ते मात्र त्यात नव्हतं. रोज हात धुऊन, मोजून, खुणेपर्यंत घालत होता. मला रोज फोटो पाठवायचा, पण फक्त टाकीचा. ड्रमचा एकदा जरी पाठवला असता तर.

त्या दिवशी मी बाबांना सांगणार होते. त्याने थांबवलं. नंतर म्हणाला, "उनके हाथ का लिखा है. उसमें गलती निकालूँगा तो कोळंबी से ज़्यादा दुख होगा उनको. मेरी ही रहने दे." कोळंबी म्हणाला, मराठीत. झींगा नाही म्हणाला.

मी भांडले त्याच्याशी. हे पण खोटंच आहे ना? त्याचे आईवडील मिठाई घेऊन तयार होते. आता त्याची आई त्याला विचारते की तू त्यांच्या घरी काय केलंस, आणि तो तिलाही काही सांगत नाही.

मी बाबांच्या विरुद्ध जाऊन लग्न करणार नाही असं नाही. करीन. पण मला ते तसं नको आहे.

तुझी
श्रावस्ती

वर्धा
२३ ऑक्टोबर २०२५

चि. अंबूस,

मध्ये पडू नकोस म्हणतोस, नाही पडत. एक काम सांगते, ते कर. मोठी बहीण म्हणून नाही, मास्तरीण म्हणून.

पिंपावर लिहिलास तो पहिला शब्द एका कोऱ्या कागदावर लिही, अगदी तसाच, वीतभर. ऑफिसात चार जणांना दाखव. मराठी माणूस त्यात नको. फक्त विचार, "इथे काय लिहिलंय?" पिंप, मासे, मुलगी, कशाचंही नाव काढू नकोस. उत्तरं वहीत टिपून घे. तुला टिपायची सवय आहेच.

मग मला लिही.

कुमुदिनी

आर. के. पुरम
१ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
जयभीम.

काम केलं. सोमवारी, जेवणाच्या सुटीत. उत्तरं वहीतून जशीच्या तशी उतरवतो.

आमचे बन्सलजी: "मीठा. मात्रा छूट गई है, सर."

स्टेनो हरप्रीत कौर: "मीठा... कुछ? आगे का शब्द मिट गया क्या?"

कॅन्टीनचा रामभरोसे: "मीठा है. लड्डू का डिब्बा है का, साहब?"

चौथे आमचे अवर सचिव. मूळचे केरळचे, हिंदी इथे शिकले. त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला आणि म्हणाले, "अंबादासजी, आप तो सबकी मात्राएँ पकड़ते हैं. यह क्या है?" सगळे हसले. मीही हसलो. हसावं लागलं.

ताई, तेवीस वर्षं मी या इमारतीत दुसऱ्यांच्या मसुद्यांतल्या चुका लाल शाईने काढतो. दिल्लीत अठ्ठावीस वर्षं राहतो. दूधवाल्याशी, वेल्डरशी, साहेबांशी हिंदी बोलतो. आणि घरात रंगाचा ब्रश हातात घेतला तेव्हा माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की हे अक्षर वर्ध्याच्या बाहेरचा माणूसही वाचेल. पाणसळ दोन मिलिमीटरपर्यंत पाहिली आणि इथे शब्दच तिरका लागला.

घरी येऊन श्रावस्तीला एवढंच विचारलं, "तू फोनवर त्याला काय म्हणाली होतीस?" तिने सांगितलं. मग मी विचारलं, "आणि बोट का नाही घातलं त्याने?" ती म्हणाली, "बाबा, सूचना क्रमांक एक." मयुरा स्वयंपाकघरात हसली. बऱ्याच दिवसांनी आवाज आला तिथून. मग श्रावस्तीने उरलेलंही सांगितलं: त्या दिवशी त्याने तिला का थांबवलं, आणि घरी आईवडिलांनाही तो काही सांगत नाही ते.

तुला हे आधीच ठाऊक होतं. कुणी सांगितलं ते विचारत नाही.

फोनवर बोलायचा प्रयत्न केला. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. मला जे नीट करायचं असतं ते मी लिहूनच करतो. विनयला पत्र लिहिलं आहे, हिंदीत, बन्सलजींकडून मात्रा तपासून. आज सकाळी पोस्टात टाकलं. त्यातला मजकूर मराठीत उतरवून खाली देतो, कारण तुझ्या हिंदीवर माझा भरवसा नाही.

"श्री. विनय यांस,

६ ऑक्टोबरला मी तुम्हाला दारात उभं करून जे बोललो ते परत घेतो. पाणी चुकीचं गेलं, ते माझ्या अक्षरामुळे. पिंपावर 'मीठ' मी लिहिलं. दिल्लीत तो शब्द लोक कसा वाचतात हे मला माहीत असायला हवं होतं आणि मी विचार केला नाही. चार जणांकडून खात्री करून घेतली. चौघांनीही तुमच्यासारखंच वाचलं. तुम्ही माझ्या अकराही सूचना पाळल्यात. तुमच्या जागी मी असतो तर दुसरी वाचूनच कंटाळलो असतो.

दोन्ही मासे जिवंत आहेत. घनता १.०२५ वर आली आहे.

रविवारी, ९ नोव्हेंबरला, मी आणि श्रावस्तीची आई हापूडला तुमच्या घरी येत आहोत. सकाळी अकराला पोचू. तुमच्या आईवडिलांना तुम्ही काहीच सांगितलेलं नाही असं कळलं. ते मी सांगेन, त्यांच्या समोर बसून. त्यानंतर त्यांना आमच्याशी बोलायचं असेल तर लग्नाचं बोलू. नसेल, तर तेही बरोबरच आहे, मी पुन्हा येईन.

एक चूक मात्र तुमची आहे आणि ती मी सोडणार नाही. चूक माझी आहे हे ठाऊक असून तुम्ही ती स्वतःवर घेतलीत. मला वाईट वाटू नये म्हणून घेतलीत, हे समजलं. पण मला वाईट वाटायलाच हवं होतं. यापुढे आमच्या घरात माझं काही चुकलेलं दिसलं तर तिथल्या तिथे, माझ्या तोंडावर सांगायचं. मला ऐकायची सवय नाही. मी चिडेन. तुम्ही बोलत राहा.

अंबादास"

ताई, रविवारी काय होतं ते तुला लिहीनच. मयुरा साडी कोणती नेसू म्हणून विचारते आहे, तर इथेच थांबतो.

तुझा
अंबू